जय हिंद म्हणा आणि ओट्यावर बसा : फौजी घरांत सेवेला जाणाऱ्या नव्या स्वयंसेवकांसाठी

उपासना सुटल्यावर आमच्या मंडळीतली दोन तरुण मुलं मला चर्चच्या आवारात गाठून म्हणाली, "सिस्टर, आम्हालाही तुमच्यासोबत फौजींच्या घरी यायचं आहे. काय शिकावं लागते?" मी घाईत होते. "आधी गाडीचं पंक्चर काढायला शिका," एवढंच बोलून निघाले. ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. राहिलेलं इथे सांगते.

मी पाळक नाही. एका मिशन हॉस्पिटलात नर्स होते. माझे मिस्टर ब्रिगेड ऑफ द गार्ड्समधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. यवतमाळ-वर्धा पट्ट्यातल्या खेड्यांत आम्ही दोघं स्प्लेंडरवर फिरतो. माजी सैनिक, वीरमाता आणि वीरनारी म्हणजे गेलेल्या जवानांच्या आया आणि बायका, शिवाय ज्यांचं लेकरू आज सीमेवर आहे अशी घरं. या कामाला इंग्रजीत चॅप्लेन्सी म्हणतात. चॅप्लेन म्हणजे चर्चच्या भिंतीबाहेर, माणूस जिथे असेल तिथे जाऊन त्याच्याजवळ बसणारा. अमेरिकेच्या सैन्यात १७७५ पासून चॅप्लेन आहेत. ते अधिकारी असतात आणि शस्त्र बाळगत नाहीत. आपल्या सैन्यात धर्मगुरू नायब सुभेदार म्हणून भरती होतो. पंडित, ग्रंथी, मौलवी, बौद्ध भिक्खू, तसा पाद्री. पाद्री व्हायचं तर दीक्षा झालेली हवी आणि स्थानिक बिशपच्या मान्य यादीत नाव हवं.

आपण यातले कोणीच नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. आपण गावातली माणसं, सवड काढून जाणारी. स्वतःला "मिलिटरीचे पाद्री" म्हणवून घेऊ नका. बाजारात मिळतं तसं ठिपक्याठिपक्यांचं फौजी जाकीट घालून तर अजिबात जाऊ नका. सैनिक असल्याचा भास होईल असा पेहराव करणं हा कायद्याने गुन्हा आहे. शिवाय खऱ्या फौजीच्या डोळ्यांत ते लगेच खुपतं.

आधी कागद, मग गाडी

पहिलं काम आपल्या मंडळीकडून पत्र घेणं. पाळकांची सही, शिक्का, तुमचा फोटो आणि साध्या मराठीत तीन ओळी: ही व्यक्ती आमची सभासद आहे, माजी सैनिकांच्या घरी भेटीला येते, कोणाकडून पैसे घेत नाही. इंग्रजी पत्र नको. गावात ते कोणी वाचत नाही आणि संशय मात्र वाढतो.

ते पत्र घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथे कल्याण संघटक असतात, बहुतेक स्वतःच माजी सैनिक. कोणत्या तालुक्यात कोण एकटं पडलं आहे, कोणाच्या घरी काय अडलं आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं. नावांची यादी मागू नका, ती ते देणार नाहीत आणि देऊही नये. "कोणाला सोबत हवी असेल तर आमचा नंबर द्या," एवढंच म्हणा. आमचे पहिले चार महिने एकही फोन आला नाही. मग एक आला.

गावात शिरायच्या आधी सरपंच आणि पोलीस पाटलांना भेटा. हे टाळणारे पुढे फसतात. दोन अनोळखी ख्रिस्ती माणसं घरोघरी फिरत आहेत, ही बातमी गावात तुमच्या गाडीपेक्षा जोरात पळते.

आता सगळ्यात कडक नियम. झोळीत पत्रकं नेऊ नका. धर्माचं आमंत्रण देऊ नका, आडून नाही, उदाहरणातून नाही, प्रार्थनेने बरं झाल्याच्या साक्षीतूनही नाही. दुःखातला माणूस उघडा असतो. त्या वेळी त्याला काही विकणं, मग ते कितीही मोलाचं असो, मला पाप वाटतं. आमच्याच मंडळीतल्या एका ज्येष्ठांनी मला भर सभेत विचारलं होतं, "मग आपण ख्रिस्ती म्हणून तिथे करतो तरी काय?" मी म्हटलं, तुम्ही एकदा सोबत चला. ते आले नाहीत.

कोणी आपणहून "माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हणालं तर करा. दोन वाक्यं, हळू आवाजात, त्याचं नाव घेऊन. त्याच्या घरचा देव त्याला हवा असेल तर त्याला त्याची आरती, त्याची वंदना करू द्या आणि तुम्ही मान खाली घालून उभे राहा. फौजी माणसाला यात नवल वाटत नाही. गार्ड्स ही १९४९ साली उभी राहिली तेव्हापासूनच सगळ्या जातिधर्मांची मिळून बनलेली पलटण. तिचं केंद्र आपल्या कामठीत आहे. आमचे मिस्टर ख्रिस्ती, पण रविवारच्या मंदिर परेडला कंपनीसोबत उभे राहत. पाद्री फौजींना पलटणीत भेटलेला असतो. नवा वाटतो तो गावात घरी येणारा पाद्री.

कोण कोणत्या खात्यात

गावात सगळेच "मिलिटरीवाले" असतात, कागदावर मात्र नसतात. सेना, नौदल, वायुदलातून निवृत्त झालेले ते सैनिक कल्याण कार्यालयाकडे येतात. निवृत्तीवेतन घेणाऱ्यांना औषधोपचारासाठी ईसीएचएस ही योजना आहे, ती २००३ पासून. सीआरपीएफ, बीएसएफ ही केंद्राच्या गृह खात्याची दलं. त्यांचं कल्याणाचं काम वेगळ्या मंडळाकडे आणि त्यांच्या त्यांच्या ग्रुप सेंटरकडे असतं. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात बुलढाणा जिल्ह्याचे दोन जवान गेले, दोघेही सीआरपीएफचे. त्याच वर्षी १ मे रोजी गडचिरोलीत कुरखेडा तालुक्यात सुरुंगाच्या स्फोटात पंधरा पोलीस गेले. ते राज्याचे पोलीस, म्हणजे तिसरं खातं, तिसरे नियम. आईचं रडणं तिन्हीकडे एकच, पण चुकीच्या कचेरीत पाठवलेलं घर दोनशे रुपयांचं तिकीट आणि एका दिवसाची मजुरी गमावून परत येतं, आणि पुढच्या वेळी तुमचं ऐकत नाही.

पुलगावच्या दारूगोळा भांडारातले, भद्रावती, भंडारा, अंबाझरीच्या आयुध निर्माणींतले कामगार सैनिक नव्हेत, पण त्यांच्या घरीही बोलावणं आलं तर जा.

दारात

जोडीने जा. बाईच्या घरी जायचं तर सोबत बाई हवीच. एकट्या पुरुष स्वयंसेवकाने तरुण वीरनारीच्या घरी पाऊल ठेवू नये. तुम्ही कितीही सज्जन असा, त्याचा त्रास तिला होतो.

वेळ हंगाम बघून ठरवा. जूनमध्ये पेरणी, दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन आणि कापसाचा वेचा. तेव्हा दिवसा घरी कुत्रंसुद्धा नसतं. मे महिन्यात दुपारी जाणं म्हणजे त्यांच्या झोपेचं आणि तुमच्या डोक्याचं नुकसान. दिवेलागणीच्या आधीचा तास चांगला. जेवणवेळ टाळा, नाहीतर घरात असतील नसतील ती दोन अंडी तुमच्यासाठी फुटतात.

दारात "जय हिंद" म्हणा. आपसातलं "जय ख्रिस्त" आपल्या मंडळीपुरतं. विदर्भात तुम्ही ज्या घरांत जाल त्यांतली बरीच बौद्ध असतील, आणि त्यांतल्या कितीतरी जणांची नोकरी महार रेजिमेंटमध्ये झालेली असेल. तिथे "जय भीम" म्हणायला लाजू नका. दुसऱ्या घरी रामराम. पण "जय हिंद" ऐकलं की पंच्याहत्तर वर्षांचा वाकलेला म्हाताराही नकळत पाठ सरळ करतो. हे मी किती वेळा पाहिलं आहे.

पाणी देतील, ते प्या. पाण्याला नाही म्हणणं खेड्यात फार लागतं. ओट्यावर बसवलं तर ओट्यावर बसा, आत बोलावल्याशिवाय आत नाही. बसल्यावर भिंतीकडे बघा. वर्दीतला एक फोटो असतोच, बाबासाहेबांच्या किंवा गजानन महाराजांच्या फोटोशेजारी. "हा कुठला फोटो, काकाजी?" एवढा एक प्रश्न पुरतो. मग पुंछ येतं, तवांग येतं, लंगरातली करपलेली पुरी येते, कोण्या शीख उस्तादाची शिवी येते. लढाईबद्दल तुम्ही विचारू नका. "किती मारले?" हा प्रश्न तर गावातल्या पोरांनी त्यांना शंभरदा विचारलेला असतो.

आणि मग गप्प बसा. हे शिकायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले.

माझी चूक

आमच्या सुरुवातीच्या भेटींतली एक. मुलाचा बर्फात जीव गेला होता, आठ-नऊ महिने झाले होते. आई अंगणात सुपात तूर निवडत बसली होती. मी शेजारी बसले आणि पाच मिनिटांत माझ्या तोंडून निघालं, "देवाची इच्छा असते, मावशी." तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "देवाले माह्याच पोराची गरज पडली का वं बाई?" सूप खाली ठेवलं, पाण्याचा गुंड उचलला आणि हापशीवर गेली. आम्ही निघेपर्यंत ती परत आली नाही. हापशी घरापासून दिसत होती. गुंड केव्हाच भरला होता, ती नुसती उभी होती.

पवित्र शास्त्रात ईयोबाचे मित्र त्याला भेटायला येतात, तेव्हा सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसतात आणि कोणी एक शब्द बोलत नाही. तिथवर ते उत्तम मित्र होते. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. मी सात मिनिटंही टिकले नव्हते.

तीन महिन्यांनी मी परत गेले. तेव्हाही काहीतरी निवडणं चालूच होतं. मी विचारलं नाही, नुसती बसले. बऱ्याच वेळाने तिने सूप सरकवून आमच्या दोघींच्या मधे आणलं. खडे मी काढले, किडकी तूर तिने. त्या दिवशी आम्ही हवापाण्याशिवाय काही बोललो नाही.

तेव्हा ही वाक्यं कायमची टाकून द्या: देवाची इच्छा. तो चांगल्या जागी आहे. तुम्हाला अभिमान वाटायला हवा. वेळ जाऊ द्या, सगळं ठीक होईल. माझ्याही नात्यात असंच झालं होतं. यांच्याऐवजी काय बोलायचं? गेलेल्याचं नाव घ्या. घरातले ते नाव घ्यायला घाबरतात, आणि आईला ते ऐकायचं असतं.

जे उघड सांगत नाहीत ते

"मला मानसिक त्रास आहे" असं खेड्यात कोणी म्हणत नाही. झोप नाही, डोकं तापते, छाती भरून येते, असं म्हणतात. दिवाळीच्या रात्री फटाके सुरू झाले की एखादा माणूस गुपचूप वावरातल्या झोपडीत जाऊन झोपतो आणि घरचे सांगतात, "त्याले गर्दी आवडत नाही." हे ऐका, लक्षात ठेवा, पण रोगाचं नाव तुम्ही ठेवू नका. ते डॉक्टरचं काम.

दारूचा विषय निघेलच. फौजी कॅन्टीनमधून मिळणाऱ्या दारूचा कोटा हा गावात मानाचा आणि भांडणाचा, दोन्ही विषय आहे. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे म्हणून तिथे कोणी पीत नाही असं समजणारा माणूस वर्ध्याचा नसावा. प्रवचन देऊ नका. बायकोशी वेगळं बोला, माराचा प्रश्न आहे का ते विचारा, आणि माणूस स्वतः तयार असेल तेव्हा अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या जवळच्या सभेला एकदा त्याच्यासोबत जा. नुसता पत्ता देऊन कोणी जात नाही.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, आणि इथे मी नर्स म्हणून बोलते. कोणी "आता जगण्यात काही राम नाही" असं म्हणत असेल, देणीघेणी मिटवत असेल, आवडती वस्तू वाटून टाकत असेल, तर सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट विचारणारं कोणी भेटलं म्हणून माणूस बोलतो. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ पासून टेलिमानसचा वेगळा कक्षही आहे. फोन तुम्ही लावा आणि त्याच्या हातात द्या.

मग घरच्यांकडे वळा: फवारणीचं औषध कुठे ठेवलं आहे? आमच्याकडे कपाशीवाल्या प्रत्येक घरात ते असतं, खाटेखाली, माळ्यावर, कधी चक्क चुलीमागे. ते त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी कुलपात गेलं पाहिजे. माजी सैनिक बँकेवर गार्ड असेल तर त्याची बारा बोअरची बंदूकही. ही एक गोष्ट माझ्या मते दहा भेटींच्या बरोबरीची आहे. वॉर्डात मी अशी माणसं पाहिली आहेत जी दोन तासांनी हात जोडून म्हणत, "सिस्टर, मले वाचवा." त्या रात्री डबा हाताशी नसता तर ती घरीच असती. आणि कोणी औषध पेलंच तर मिठाचं पाणी पाजून ओकवू नका. १०८ ला फोन करा, मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा, डबा सोबत न्या.

गुपिताबद्दल पहिल्याच भेटीत स्पष्ट बोला. "तुमचं बोलणं माझ्यापाशीच राहील, पण जिवाला धोका असेल किंवा लेकराला त्रास होत असेल तर मला सांगावंच लागेल." लहान मुलाच्या लैंगिक छळाची माहिती पोलिसांना देणं पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि पाद्र्याजवळची गोष्ट म्हणून कोर्टात गप्प बसायची सवलत आपल्या कायद्यात नाही. पाळता येणार नाही अशी शपथ घालून घेऊ नका.

बातमी येते तेव्हा

मरणाची बातमी तुम्ही कधीही पहिल्यांदा सांगायची नाही. ते काम पलटणीचं आणि प्रशासनाचं. व्हॉट्सअॅपवर फोटो फिरू लागतो, कोणी तुम्हाला "खरं आहे का" विचारतं. फोन खिशात ठेवा.

पार्थिव बहुधा विमानाने नागपूरला आणि तिथून रस्त्याने येतं. त्या दिवशी गावात मंत्री, जिल्हाधिकारी, कॅमेरे, घोषणा, हजारोंची गर्दी असते. तुम्हाला कोणी ओळखत नाही आणि ओळखण्याची गरज नाही. आजीला सावलीत खुर्ची द्या. लहान लेकरांना कॅमेऱ्यापासून दूर, शेजारच्या घरात नेऊन काही खाऊ घाला. गरोदर सून असेल तर तिच्या पाण्याकडे लक्ष ठेवा. व्यासपीठावर बोलावलं तर जाऊ नका.

आपलं काम तेरवी, पुण्यानुमोदन, स्मरणसभा जे काही असेल ते आटोपल्यावर सुरू होतं. मंडपवाला खांब उपटून नेतो, पाहुणे एसटीला लागतात आणि घरात एकदम शांतता होते. चाळिसाव्या दिवशी जा. तीन महिन्यांनी जा. वाढदिवसाला जा.

याच काळात पैशांवरून सासू-सून फाटतात. मदत कोणाच्या खात्यावर आली, स्मारकाची जागा कोणी दिली, ती दिराशी लग्न करणार की माहेरी जाणार. तुम्हाला दोन्हीकडून साक्षीला ओढतील. कोणाची बाजू घेऊ नका, कोणाचा निरोप पोचवू नका. कायद्याचा प्रश्न असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मिळतो, तिथवर पोचवा.

एक गोष्ट बाई स्वयंसेवकांसाठी. १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन, आणि बहुतेक वर्षी संक्रांतही त्याच दिवशी. गल्लीत हळदीकुंकू चालू असतं आणि वीरनारी दार लोटून आत बसलेली असते, तिला कोणी बोलावत नाही. आम्ही त्या दिवशी तिळगुळाचा डबा घेऊन तिच्याकडे जातो आणि वाणही नेतो. मागच्या वेळी स्टीलच्या वाट्या होत्या. एकीने वाटी उलटीपालटी करून पाहिली, पुन्हा पाहिली आणि फडताळात अगदी पुढे ठेवली.

कागदपत्रं

यात जीव रमत नाही, पण घरात पाय यामुळेच टिकतो. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, आधार आणि बँक पासबुक, या चारही ठिकाणी नवऱ्याचं आणि बायकोचं नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का बघा. "शोभा"चं "शोभाबाई" झालं की विधवेचं वेतन महिनोन्महिने अडतं. माणूस हयात असतानाच दुरुस्ती करायला सांगा. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, नाहीतर पेन्शन थांबते. आता ते स्पर्श या संगणकीय प्रणालीवर चालतं आणि म्हाताऱ्यांची बोटं झिजल्यामुळे अंगठा लागत नाही. सीएससी म्हणजे गावातल्या ऑनलाइन सेवा केंद्रावर सोबत जा. पासवर्ड तुम्ही लिहून घेऊ नका, ओटीपी विचारू नका, चहाशिवाय काही स्वीकारू नका. "काम करून देतो" म्हणत पैसे उकळणारे दलाल गावोगाव आहेत, आणि पहिल्या भेटीत लोक तुम्हाला त्यांच्यातलेच समजणार आहेत.

घरी आल्यावर वहीत दोन ओळी लिहा. तारीख, काय बोलायचं ठरलं, पुढे कधी जायचं. त्यांची गुपितं नव्हे. महिन्यातून एक रविवार मात्र कुठेच जाऊ नका, आणि ज्याच्यापाशी तुम्हाला रडता येईल असं एक माणूस स्वतःसाठी ठेवा.

काही जण "येऊ नका" म्हणतील. त्याचा अर्थ येऊ नका असाच घ्या. पुलगावच्या रस्त्यावरच्या एका गावात एका निवृत्त नाईकने आम्हाला दारातूनच विचारलं, "कायले आले? हे काय धर्माचं हाय का?" मिस्टरांनी पलटण सांगितली, तरी तो आत गेला आणि कडी लावली. आम्ही परत गेलो नाही. दीड वर्षाने त्याची बायको आठवडी बाजारात कांद्याच्या ढिगापाशी भेटली आणि हळूच विचारू लागली की हयातीचा दाखला कुठे काढतात. तिथेच उभ्याउभ्या सांगितलं. पुढच्या हिवाळ्यात त्याचाच फोन आला. गेलो तर मोबाइल हातात घेऊन ओट्यावर उभा.

"याचा पासवर्ड इसरलो," म्हणाला. आत या म्हणाला नाही. आम्ही ओट्यावर बसलो.